दाजींचं गुगल कशावर चाललं? रोमिंग आणि व्हीपीएनमधली गल्लत

गेल्या ऑक्टोबरात दाजी कँटन फेअरला, म्हणजे चीनमधल्या ग्वांगझूच्या व्यापारी प्रदर्शनाला गेले. इचलकरंजीत त्यांचं मागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि चीनची ही त्यांची पहिलीच खेप. निघायच्या आधी मी त्यांच्या फोनमध्ये एक व्हीपीएन, म्हणजे परदेशातल्या सर्व्हरमार्गे कुलूपबंद वाट काढून देणारं ॲप, टाकून दिलं होतं. ग्वांगझूच्या विमानतळाबाहेर पडल्या पडल्या त्यांचा व्हॉट्सॲपवर फोन आला. "तुझं ते व्हीपीएन लई भारी हाय. गुगलचा नकाशा बी उघडला!" मी खूश. रात्री पुन्हा फोन, पण या वेळी साधा, मिनिटाला पैसे मोजून केलेला. हॉटेलच्या वाय-फायवर ना व्हॉट्सॲप, ना जीमेल, ना यूट्यूब.

"दाजी, व्हीपीएन चालू आहे ना?"

"चालू करायचं असतंय व्हय? मला वाटलं, टाकलं की झालं."

म्हणजे विमानतळावर जे चाललं ते त्यांच्या भारतीय सिमच्या रोमिंगवर. व्हीपीएन बिचारं झोपलेलं होतं. खोलीवर आल्यावर पॅक संपू नये म्हणून त्यांनी मोबाइल डेटा बंद केला, वाय-फाय जोडलं आणि त्या क्षणी ते खऱ्या अर्थाने चीनच्या इंटरनेटवर आले.

ही गल्लत एकट्या दाजींची नाही. "चीनमध्ये अमुक व्हीपीएन मस्त चालतं" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांतले निम्मे लोक नकळत रोमिंगचं कौतुक करत असतात, असा माझा संशय आहे. रोमिंग आणि व्हीपीएन, दोन्ही बोगदेच आहेत. तो कोणी खणला आणि त्याचं दुसरं तोंड कुठे उघडतं, एवढाच प्रश्न आहे. पण बाकी सगळं त्यावरच ठरतं.

आधी भिंत, म्हणजे चीन सरकारने आपल्या इंटरनेटवर बसवलेली अडवणूक, काय करते ते पाहू. चीनमधून बाहेर जाणाऱ्या इंटरनेटच्या वाटा मोजक्या सरकारी दूरसंचार कंपन्यांच्या हातात आहेत आणि चाळणी त्या वाटांवर लावलेली आहे. तुम्ही गुगलचा पत्ता विचारलात, की खोटा पत्ता हाती दिला जातो. खरा पत्ता माहीत असला तरी त्या आयपीकडे, म्हणजे आकड्यांतल्या पत्त्याकडे, जाणारी वाट बंद असते. तेही जमलं, तर जोडणीच्या सुरुवातीला उघड दिसणारं संकेतस्थळाचं नाव वाचून जोडणी मध्येच तोडतात. फेसबुक २००९ पासून, जीमेल २०१४ च्या अखेरीपासून आणि व्हॉट्सॲप २०१७ पासून असंच अडलेलं आहे.

रोमिंगमधला डेटा या चाळणीत सापडत नाही. ग्वांगझूतला टॉवर चिनी कंपनीचा असला तरी भारतीय सिमचा डेटा ती कंपनी तिथल्या इंटरनेटवर सोडतच नाही. दोन कंपन्यांच्या करारानुसार तो बांधलेल्या गठ्ठ्यासारखा थेट भारतातल्या कंपनीकडे जातो आणि इंटरनेटवर उघडतो तो भारतात. जकात होती तेव्हाचे नाके ज्यांना आठवतात त्यांना हे लगेच कळेल. शहरातून नुसता पुढे जाणारा ट्रक या नाक्यावर कागद करायचा आणि माल न उतरवता त्या नाक्यातून बाहेर पडायचा. माल उघडायचा मुक्कामी. दाजींचा फोन ग्वांगझूत होता, पण गुगलच्या लेखी ते भारतातून बोलत होते.

व्हीपीएनचा बोगदा मात्र तुम्ही स्वतः खणता, आणि तोही त्या भिंतीखालूनच. हॉटेलच्या वाय-फायवरून, म्हणजे चिनी इंटरनेटवरूनच, तुमचा फोन सिंगापूर किंवा टोकियोतल्या एखाद्या सर्व्हरशी कुलूपबंद जोडणी करतो. आतला माल भिंतीला दिसत नाही, पण बोगदा आहे हे ओळखता येतं. ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड या व्हीपीएनच्या दोन नेहमीच्या पद्धती. दोन्हींची सुरुवातीची सलामी ठरावीक नमुन्याची असते. त्या नमुन्यांवरून जोडणी तोडतात. मग नमुनाच नसलेली, निव्वळ अर्थहीन आकड्यांसारखी दिसणारी जोडणी करायची युक्ती निघाली. तर नोव्हेंबर २०२१ पासून भिंतीने, जे कशासारखंच दिसत नाही तेही अडवायला सुरुवात केली! म्हणून चीनसाठी व्हीपीएन घ्यायचं तर आपली जोडणी साध्या वेब वाहतुकीसारखी भासवण्याची सोय त्यात आहे का, हे पहिलं पाहायचं. वेगाचे आकडे त्यानंतर.

कायद्याच्या दृष्टीनेही दोन्ही सारखे नाहीत. रोमिंग हा दोन परवानाधारक कंपन्यांचा उघड व्यवहार आहे. व्हीपीएनबाबत चीनचा १९९६ चा नियम सांगतो की परदेशी जोडणी सरकारमान्य वाटेनेच व्हायला हवी, आणि मोडल्यास १५,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. जानेवारी २०१७ मध्ये परवानगीशिवाय सीमापार व्हीपीएन चालवण्यावर आणखी कडक सूचना निघाली. त्याच वर्षी ग्वांगशी भागात व्हीपीएन विकणाऱ्या एकाला साडेपाच वर्षांची कैद झाली. विक्रेता आणि आठवडाभर आलेला पाहुणा यांत फरक केला जातो हे खरं, पण नियम नाहीच असं समजून जाऊ नये. दुबईला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात गुन्ह्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी फसवल्यास ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे.

मग रोमिंगच घ्यावं की, असं वाटेल. चार-सहा दिवसांच्या फेरीसाठी मी आता तेच सांगतो. लॅपटॉपलासुद्धा रोमिंगवाल्या फोनचा हॉटस्पॉट दिला की झालं. पण रोमिंगची स्वतःची अडचण आहे. बोगदा भारतात उघडतो म्हटल्यावर भारतातले अडथळेही सोबत येतात. २९ जून २०२० ला भारताने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉकबरोबर वीचॅट हे चिनी संदेश-ॲपही होतं. आणि चीनमधला व्यापारी भेटला की कार्ड देत नाही, वीचॅटचा क्यूआर चौकोन पुढे करतो. भारतीय रोमिंगवर ते अडू शकतं. भिंतीच्या अलीकडचं काम भिंतीच्या अलीकडूनच करावं. वीचॅट वापरायचं तेव्हा हॉटेलचं वाय-फाय, व्हीपीएन बंद.

दुसरी अडचण अंतराची. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरला एक मिलिसेकंद. मुंबई ते शांघाय सरळ रेषेत सुमारे ५,००० किलोमीटर. शांघायमध्ये बसून शांघायमधलंच संकेतस्थळ भारतीय रोमिंगवर उघडलं, तर प्रत्येक विनंती मुंबईला जाऊन परत शांघायला येते, आणि उत्तर पुन्हा त्याच वळशाने. केबल सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, त्यामुळे खरा वेळ याहून बराच जास्त.

प्रवासी ई-सिमही याच जातीचं. फक्त बोगद्याचं तोंड वेगळीकडे. कोणाचं हाँगकाँगला उघडतं, कोणाचं सिंगापूरला, कोणाचं युरोपात. एखादं थेट चिनी आयपी देतं, आणि मग भिंत आहे तिथेच. विकणारा "चीनमध्ये चालेल" म्हणतो तेव्हा नेटवर्क मिळेल एवढंच म्हणतोय की गुगलही उघडेल म्हणतोय, हे विचारून घ्यावं.

गुप्ततेच्या बाबतीत लोक उलटंच समजतात. रोमिंग हे काही लपण्याचं साधन नाही. तुमची भारतातली कंपनी घरी जेवढं पाहते तेवढं तिथेही पाहते, आणि चिनी कंपनीला तुमचं सिम कोणत्या टॉवरखाली आहे हे कळतंच. व्हीपीएन हॉटेलच्या वाय-फायपासून लपवतं, पण व्हीपीएन कंपनीपासून नाही. विश्वास कोणावर ठेवायचा ते फक्त बदलतं. त्यामुळे कंपनी निवडताना "आम्ही नोंदी ठेवत नाही" या वाक्याला मी फार किंमत देत नाही. २०२० मध्ये हाँगकाँगमधल्या काही मोफत व्हीपीएनवाल्यांनी हेच वाक्य मिरवलं होतं आणि त्यांच्याच उघड्या सर्व्हरवर ग्राहकांच्या नोंदी सापडल्या. उलट उदाहरण स्वीडनमधल्या मुलवाड या व्हीपीएन कंपनीचं. एप्रिल २०२३ मध्ये पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन त्यांच्या कार्यालयात आले आणि नेण्यासारखी ग्राहकांची माहितीच नसल्यामुळे रिकाम्या हाताने गेले. असं प्रत्यक्ष कसोटीला लागलेलं काही असेल तर ते बघावं, नाहीतर बाहेरच्या लेखापरीक्षणाचा अहवाल तरी.

आणि "सर्वोत्तम दहा व्हीपीएन" छापाच्या याद्या? एक्सप्रेसव्हीपीएन, सायबरघोस्ट आणि प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस ही तिन्ही केप टेक्नॉलॉजीज या एकाच कंपनीकडे आहेत. त्याच कंपनीने २०२१ मध्ये व्हीपीएनची परीक्षणं छापणारी काही संकेतस्थळंही विकत घेतली. मुलीच्या बापानेच स्थळाची चौकशी करून द्यायची, तसला प्रकार.

आता परीक्षा. चीनमध्ये चालेल का, ही परीक्षा घरी घेता येत नाही, कारण घरी भिंत नाही. पुण्यात सुसाट धावणारं व्हीपीएन ग्वांगझूत पहिल्याच सलामीला अडतं. पण बोगद्याला भोकं आहेत का, हे घरीच पाहता येतं, आणि पाहावंच. व्हीपीएन बंद असताना आपला आयपी दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर जाऊन आकडे लिहून ठेवा, मग चालू करून पुन्हा पाहा. दोन ठिकाणी फसगत होते. एक, आयपीव्ही६. जिओसारख्या नेटवर्कवर हा नवा पत्ता सर्रास मिळतो आणि काही व्हीपीएन फक्त जुन्या आयपीव्ही४ चीच वाहतूक बोगद्यात घेतात. जुना पत्ता सिंगापूरचा दिसतो, नवा मात्र तुमचाच, उघडा. दोन, डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा. नाव विचारायला फोन अजून तुमच्या मोबाइल कंपनीकडेच जात असेल, तर चीनमध्ये तो खोटा पत्ता घेऊन येणार. डीएनएस गळती दाखवणारी संकेतस्थळं हे अर्ध्या मिनिटात सांगतात.

मग जोडणी तुटल्यावर काय होतं ते. व्हीपीएन चालू ठेवून व्हिडिओ लावा आणि वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर या. मधल्या क्षणी व्हिडिओ थांबेल किंवा आधीच उतरलेल्या भागावर थोडा चालत राहील, पण त्यावर विसंबू नका. आयपी दाखवणारं पान त्याच वेळी ताजं केलंत आणि खरा पत्ता दिसला, तर कुलूप कच्चं आहे. अँड्रॉइडमध्ये व्हीपीएनशिवाय जोडणी अडवण्याची सोय सेटिंगमध्येच असते. ती चालू करावी, ॲपच्या भरवशावर राहू नये.

वेग मोजताना एकदा मोजून आकडा सांगू नये. सकाळी, दुपारी आणि रात्री, त्याच सर्व्हरवर मोजावा. व्हीपीएनशिवायचा वेग शेजारी लिहावा, म्हणजे दोष वाय-फायचा की बोगद्याचा ते कळतं.

ॲपमध्ये सर्व्हरपुढे मिलिसेकंद दिसतात, त्यांचा एक गमतीचा उपयोग आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपायला सांगितलं, तेव्हा अनेक परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले. यादीत "भारत" अजूनही असतं, पण एक्सप्रेसव्हीपीएनसारख्यांचा तो सर्व्हर बसतो सिंगापूर किंवा ब्रिटनमध्ये. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे किमान ३९ मिलिसेकंद. पुण्यातून "भारत" जोडल्यावर १० मिलिसेकंदांत उत्तर आलं, तर सर्व्हर सिंगापूरला असूच शकत नाही. कायमच ६०-७० दिसत असतील, तर मी शंका घेतो.

बाकी तयारी निघण्याआधीच. ॲपलने चीनच्या ॲप स्टोअरमधून व्हीपीएन ॲप २०१७ मध्ये काढून टाकली, गुगल प्ले तिथे उघडत नाही आणि व्हीपीएन कंपन्यांची संकेतस्थळंही बहुधा अडलेली असतात. पोहोचल्यावर मात्र रोमिंग चालू असतानाच हॉटेलच्या वाय-फायवर व्हीपीएन तपासून घ्यावं. सर्व्हर बदलून, जोडणीची पद्धत बदलून. अडलं तर कंपनीच्या मदत विभागाला गाठायला रोमिंग हाताशी असतं. दाजींची पहिली रात्र निस्तरली ती अशीच: रोमिंग परत चालू, मदत विभागाशी गप्पा, तिसरा सर्व्हर, आणि मग कुठे वाय-फायवर जीमेल.

ओटीपीचं तर विचारूच नका. व्हीपीएन भारताचा पत्ता देईल, भारताचा नंबर नाही. बँकेचा संदेश यायचा तर सिमला रोमिंग लागतंच.

एप्रिलमध्ये दाजी पुन्हा गेले. या वेळी स्वस्त पडलं म्हणून हाँगकाँगचं ई-सिम घेऊन, भारतीय सिम दुसऱ्या खाचेत. दुसऱ्या दिवशी निरोप आला: "आयपी बघितला. हाँगकाँग दावतंय. बरोबर हाय न्हवं?" बरोबर होतं. लगेच दुसरा: "मग आपलं एक सरकारी पोर्टल का उघडंना? व्हीपीएनला भारत लावला तरी उघडंना. मुनीमजी खोळंबल्यात."

भारतातल्या काही सरकारी संकेतस्थळांना परदेशी आयपी चालत नाही, आणि व्हीपीएनच्या "भारता"तून आलेलेही अडवले जातात. मी लिहिलं, "दाजी, व्हीपीएन बंद करा. डेटा पाच मिनिटांपुरता आपल्या सिमवर घ्या."

चार मिनिटांनी अंगठा आला.