दीर्घिकासमूहाचे दोन तराजू: एकात पासंग, दुसऱ्यात थरथर

एकाच दीर्घिकासमूहाचं वस्तुमान एका शोधनिबंधात एक दिलेलं असतं आणि दुसऱ्यात त्याहून पाव पटीने जास्त. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी चुकलंय. बहुतेक वेळा दोघांनीही काम चोख केलेलं असतं, फक्त तराजू वेगळे असतात. एक आकडा क्ष-किरणांवरून काढलेला, दुसरा गुरुत्वीय भिंगावरून. दोन्हींना सरसकट ‘समूहाचं वस्तुमान’ म्हटलं जातं आणि तिथूनच सगळा गोंधळ सुरू होतो.

तारकासमूह आणि दीर्घिकासमूह यांतही गल्लत होते, ती आधी दूर करू. मृग किंवा सिंह हे तारकासमूह म्हणजे आपल्याला एका दिशेला दिसणारे तारे. त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. दीर्घिकासमूह मात्र गुरुत्वाकर्षणाने खरोखर बांधलेला असतो. त्यात शेकडो ते हजारो दीर्घिका असतात आणि एकूण वस्तुमान सूर्याच्या शंभर लाख कोटी ते हजार लाख कोटी पट भरतं. यातला साधारण ८५ टक्के भाग कृष्णद्रव्याचा, म्हणजे प्रकाश न देणाऱ्या, फक्त गुरुत्वावरून कळणाऱ्या द्रव्याचा. उरलेल्यातला बहुतेक भाग दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत पसरलेल्या तप्त वायूचा. तारे अगदीच थोडे. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. त्या इतक्या वेगाने फिरत होत्या की दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाने त्या एकत्र राहिल्याच नसत्या. समूहाचं वजन करणं अवघड का आहे, ते त्या कामातच दिसतं. जे तोलायचं, त्यातलं बरंचसं डोळ्यांना दिसतच नाही.

पहिला तराजू वायूचा. हा वायू काही कोटी केल्विन तापमानाचा असल्यामुळे क्ष-किरणांत चमकतो. गुरुत्व त्याला आत ओढतं, त्याचा दाब त्याला बाहेर ढकलतो. दोन्ही बरोबरीत आहेत असं धरलं, तर वायूचं तापमान आणि घनता केंद्रापासून बाहेरपर्यंत कशी बदलते ते पाहून आत किती वस्तुमान असायला हवं हे गणिताने निघतं. यातला ‘बरोबरीत आहेत असं धरलं’ हा भाग विसरायचा नाही.

दुसरा तराजू प्रकाशाचा. समूहाच्या मागे, फार दूर असलेल्या दीर्घिकांचा प्रकाश समूहाजवळून येताना किंचित वाकतो आणि त्यांचे आकार जराजरा ताणल्यासारखे दिसतात. हेच गुरुत्वीय भिंग. समूहाच्या बाहेरच्या भागात हा ताण जेमतेम काही टक्क्यांचा असतो. दीर्घिका मुळातच लांबट असतात, त्यामुळे एकीवरून काहीच कळत नाही. हजारोंची सरासरी घ्यावी लागते. इथे वायू शांत आहे की खवळलेला, याने काही फरक पडत नाही. प्रकाशाला फक्त वस्तुमान कळतं, ते कृष्णद्रव्याचं असो की वायूचं.

या दोन पद्धती किती वेगळ्या गोष्टींना हात घालतात, ते २००६ साली बुलेट समूहात स्पष्ट दिसलं. तिथे दोन समूह एकमेकांतून आरपार गेले आहेत. क्ष-किरणांत दिसणारा वायू टकरीत अडखळून मागे राहिला आणि भिंगाने दाखवलेलं बरंचसं वस्तुमान दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेलं. अशा समूहात वायू समतोलात आहे असं धरणं चुकीचंच.

पण टक्कर इतकी उघड नसेल तेव्हा काय? कुठला तराजू किती चुकतो हे कसं ठरवायचं? बाजारात वैधमापन निरीक्षक प्रमाणित वजन घेऊन येतो आणि दुकानदाराचा काटा तपासतो. आकाशात असं प्रमाणित वजन कुठेच नाही. ते फक्त संगणकात मिळतं. सिम्युलेशनमध्ये विश्वाच्या सुरुवातीच्या काळातल्या घनतेच्या बारीक चढउतारांपासून सुरुवात करून गुरुत्व आणि वायूचे नियम पुढे चालवले की समूह आपोआप घडत जातात. त्यातल्या एखाद्या समूहाचं वस्तुमान काढायचं तर त्यातले कण मोजायचे. तिथे अंदाजाला जागाच नाही.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती याच्या पुढची पायरी. सिम्युलेशनमधल्या समूहाचं खोटं निरीक्षण केलं जातं. तो समूह जणू चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीतून पाहतोय अशा तऱ्हेने त्याचं चित्र बनवतात: आरशांचा धूसरपणा, मोजकेच क्ष-किरण कण, पार्श्वभूमीचा गोंगाट, सगळं त्यात घालून. मग खऱ्या समूहाला जी पद्धत लावतात तीच इथे लावायची आणि आलेलं उत्तर कण मोजून काढलेल्या वस्तुमानाशी ताडून पाहायचं. डायसुके नागाई, अलेक्सी विखलिनिन आणि आंद्रेय क्राव्त्सोव्ह यांनी २००७ साली असंच केलं. शांत दिसणाऱ्या समूहांतही क्ष-किरणांचं वस्तुमान खऱ्यापेक्षा कमीच निघालं. अशा अनेक अभ्यासांत ही तूट साधारण १० ते ३० टक्क्यांच्या घरात आली आहे.

तूट येते कुठून? पहिलं कारण, वायू कधी पुरता स्थिरावत नाही. समूहात बाहेरून लहान गट सतत पडत असतात आणि वायूत भोवरे उठत राहतात. गुरुत्वाचा काही भार या हालचाली पेलतात, पण तापमानावरून काढलेल्या दाबात त्या धरल्याच जात नाहीत. दुसरं कारण बारीक आहे. वायूची चमक घनतेच्या वर्गावर अवलंबून असते. समजा गरम वायूत कुठेतरी एक छोटा, दाट, तुलनेने थंड गोळा अडकला आहे. आकाराने नगण्य असूनही तो भरपूर क्ष-किरण देतो. वर्णपटावरून काढलेलं तापमान त्याच्याकडे झुकतं, खऱ्यापेक्षा कमी येतं, आणि वस्तुमानही त्याबरोबर खाली येतं.

भिंगाच्या तराजूची तऱ्हा निराळी. सिम्युलेशनमधले समूह गोल नसतात; बहुतेक न सोललेल्या नारळासारखे लांबट असतात. असा एकच समूह घ्या आणि त्याला तीन बाजूंनी पाहा. लांब टोक आपल्याकडे असेल तर दृष्टिरेषेत जास्त द्रव्य येतं आणि वस्तुमान फुगून येतं. आडवा दिसला तर कमी भरतं. समूहाच्या पुढेमागे दुसरं काही असेल तर तेही त्यात मिसळतं. समूह तोच, उत्तरं तीन. सरासरी पाहिली तर भिंगाची तूट लहान असते, साधारण ५ ते १० टक्के. पण एकेका समूहाचा आकडा २० ते ३० टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. क्ष-किरणांचे आकडे त्या मानाने कमी विखुरतात.

म्हणजे वायूच्या तराजूत पासंग आहे: पारडी रिकामी असली तरी काटा एकाच बाजूला झुकलेला. भिंगाच्या तराजूचा काटा जवळजवळ मध्यावर आहे, पण थरथरतो. माझ्या मते दोन पद्धतींपेक्षा या दोन चुकांमधला फरक जास्त महत्त्वाचा आहे. थरथर असेल तर शंभर समूह तोलून सरासरी घ्या, ती विरत जाते. पासंग असेल तर लाख समूह तोला, तो तसाच राहतो. म्हणून आता दोन्ही तराजू एकत्र वापरतात. भिंगाने अनेक समूह तोलून सरासरी काढायची आणि तिने क्ष-किरणांचा पासंग दुरुस्त करायचा.

हा हिशेब चुकला तर फटका थेट विश्वरचनाशास्त्राला बसतो. प्लँक उपग्रहाच्या २०१३ सालच्या विश्लेषणात १८९ समूह मोजले होते आणि क्ष-किरणांचा पासंग २० टक्के धरला होता. विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणावरून, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळातल्या उरलेल्या प्रकाशावरून, जितके समूह दिसायला हवे होते, त्यापेक्षा हे कमी भरले. दोन्ही जुळवायचे तर पासंग ४० टक्क्यांच्या आसपास धरावा लागत होता, आणि सिम्युलेशनमध्ये तो सहसा इतका निघत नाही.

अर्थात सिम्युलेशनचं प्रमाणित वजनही डोळे मिटून मानता येत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या सांता बार्बरा तुलनेत १२ वेगवेगळ्या संगणकीय प्रणालींनी एकाच सुरुवातीपासून एकच समूह घडवला. कृष्णद्रव्याबाबत त्यांचं चांगलं जमलं. मध्यभागातल्या वायूबाबत मात्र काहींचं उत्तर एक आणि काहींचं दुसरं. केंद्रातल्या कृष्णविवरातून वायूला मिळणारी ऊर्जा त्या वेळी हिशेबातच नव्हती. आता ती घेतात, पण ती नेमकी कशी घालायची यावर अजून मतभेद आहेत. त्यामुळे सिम्युलेशनमध्ये निघालेला पासंग कितपत खरा, हे वायूची हालचाल आकाशात प्रत्यक्ष मोजूनच ताडावं लागतं.

जपानच्या हितोमी उपग्रहाने २०१६ साली ते पहिल्यांदा नीट केलं. ययाती तारकासमूहाच्या दिशेच्या पर्सियस समूहाच्या गाभ्यात वायूच्या हालचालींचा वेग सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर भरला. म्हणजे हालचालींचा दाब तापमानाच्या दाबाच्या अवघा ४ टक्के. अपेक्षेपेक्षा बराच शांत वायू! दुर्दैवाने उड्डाणानंतर दीड महिन्याच्या आतच उपग्रह हातचा गेला. आपल्याकडे नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण याच भोवऱ्यांचा माग वेगळ्या वाटेने काढते. टक्कर झालेल्या अनेक समूहांत तिला रेडिओ लहरींची विरळ, पसरट प्रभा दिसते. वायूतल्या भोवऱ्यांनी वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनांची ती खूण मानली जाते. अशी प्रभा दिसली की त्या समूहाचं क्ष-किरणांचं वस्तुमान जपूनच वापरावं.

हितोमीचं अर्धवट राहिलेलं काम सप्टेंबर २०२३ मध्ये सोडलेला एक्सरिझम उपग्रह पुढे नेतो आहे. पण गाभा मोजणं त्यातल्या त्यात सोपं आहे. सिम्युलेशनमध्ये भोवरे बाहेरच्या कडांकडे वाढत जातात, आणि तिथला वायू इतका विरळ असतो की क्ष-किरणांची चमक जवळजवळ नाहीशी होते. पासंगाचा मोठा हिस्सा त्याच अंधुक कडेला दडलेला आहे.