सावलीने सांगितलेली तारीख

चित्रफितीवर तारीख नसेल तर पुरावा म्हणून ती निरुपयोगी, असा समज सर्रास आढळतो. जुलै 2018मध्ये पसरलेल्या एका चित्रफितीत सैनिक दोन स्त्रियांना आणि दोन लहान मुलांना पायवाटेने नेताना व नंतर गोळ्या घालताना दिसत होते. कॅमेरून सरकारने आरंभी ती बनावट ठरवली. बीबीसी आफ्रिका आयच्या शोधपत्रकारांनी मागची डोंगरकड उपग्रहचित्रांशी ताडून जागा शोधली; ती कॅमेरूनच्या उत्तर टोकाला, झेलेवेत गावाजवळ होती. तिथल्या घरांमधील बदलांवरून काळाची ढोबळ चौकटही मिळाली. तारखेची नेमकी मर्यादा मात्र सावलीने दिली.

उन्हात चालणारा माणूस हा सूर्यघड्याळाचा शंकूच, म्हणजे सावली पाडणारा उभा काटाच असतो. त्याची उंची आणि सावलीची लांबी यांच्या गुणोत्तरावरून सूर्याचा उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची मिळते. दोन्ही सारखी असतील तर ती 45 अंश. सावलीच्या दिशेवरून सूर्याची दिशा, म्हणजे दिगंश कळतो. जागेचे अक्षांश ठाऊक असले की या दोन कोनांवरून सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर काढता येते, आणि क्रांती कळली की वर्षातला दिवस सापडतो. अयनदिनांच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांच्या सुमारास क्रांती दहा दिवसांत जेमतेम एक-तृतीयांश अंश बदलते, तर मार्च आणि सप्टेंबरमधील संपातदिनांच्या, म्हणजे दिवस-रात्र जवळपास समान असलेल्या दिवसांच्या आसपास ती एकाच दिवसात सुमारे 0.4 अंश सरकते. म्हणून त्या दिवसांत सावली तारखेच्या बाबतीत सर्वांत काटेकोर साक्ष देते.

अडचण एवढीच की सूर्य एकाच क्रांतीवरून वर्षातून दोनदा जातो, त्यामुळे मार्चअखेरीच्या प्रत्येक दिवसाला सप्टेंबरमधला एक जोडीदार असतो. तो पेच जमिनीने सोडवला, कारण चित्रफितीतली पायवाट त्या भागात फक्त कोरड्या महिन्यांत उमटते आणि सप्टेंबर तिथे पावसाचा असतो. उत्तर आले 20 मार्च ते 5 एप्रिल 2015. यंत्र एका क्षणात खरे-खोटे निवडून देईल, अशा जाहिराती हल्ली जोरात आहेत. इथे कामी आली ती शालेय त्रिकोणमिती आणि एकेक चौकट थांबवून मोजण्याची चिकाटी.

सप्टेंबर 2020मध्ये या हत्यांप्रकरणी कॅमेरूनच्या लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना 10 वर्षांची आणि एकाला 2 वर्षांची शिक्षा सुनावली. दोघे निर्दोष सुटले.