साधी काच की टफन काच: फिशटँकला भोक पाडण्याआधी

फिशटँकला खाली संप, म्हणजे पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी दुसरी टाकी जोडायची, तर तळाला किंवा मागच्या काचेला भोक लागतं. त्यासाठीचा डायमंड होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची हिऱ्याच्या कणांची गोल करवत, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, ड्रिल बऱ्याच घरांत असतं आणि हात थोडा स्थिर असेल तर काम खरंच अवघड नाही. पण हे फक्त साध्या काचेबद्दल खरं आहे. टफन काचेला घरी भोक पडत नाही. कितीही सावकाश करा, कितीही पाणी सोडा, ती फुटणारच. अडचण अशी, की या दोन काचा शेजारी उभ्या केल्या तर रंग, जाडी, चकाकी, वजन, कशातही फरक दिसत नाही. म्हणून ड्रिलला हात लावण्याआधी काच ओळखणं हेच या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे.

मुळात दोन्ही एकच काच. साधी काच कारखान्यात सावकाश थंड केलेली असते, त्यामुळे तिच्या पोटात ताण जवळपास उरत नाही. टफन करताना हीच साधी काच आधी मापात कापतात, कडा घासतात, लागतील ती भोकं पाडतात, मग भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत मारतात. बाहेरचा थर झटकन घट्ट होतो. आतला गाभा मागाहून थंड होत आकसायला बघतो, पण बाहेरचा थर त्याला आकसू देत नाही. परिणामी पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा कायमचा ताणाखाली राहतो. हा दाबाखालचा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण एक पंचमांश असतो, म्हणजे १० मिलीमीटरच्या काचेत दोन-दोन मिलीमीटर. टफन काच साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदवान असते ती याच थरामुळे, आणि तिला भोक पडत नाही तेही याच थरामुळे. होल सॉ तो थर ओलांडून ताणाखालच्या गाभ्याला भिडला की साठलेला ताण एकदम सुटतो. तडा काचेतून सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावतो आणि फांद्या फुटत सगळीकडे पसरतो. अख्ख्या काचेचे हरभऱ्याएवढे तुकडे होतात. कधी हे ड्रिल टेकवताच होतं, कधी मिलीमीटर-दीड मिलीमीटर व्यवस्थित कापलं गेल्यावर. ‘सुरुवात तर छान झाली’ यावर भरवसा ठेवू नये, तो यासाठी.

ओळखण्याच्या ज्या खुणा सांगितल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच फसव्या आहेत. जाड काच म्हणजे टफन, हे चूक. १२ मिलीमीटरची साधी काच सर्रास मिळते. कडेला दिसणारा हिरवा रंग लोहामुळे येतो, त्याचा टफन असण्या-नसण्याशी संबंध नाही. घासलेली गुळगुळीत कड साध्या काचेलाही असते. वाजवून ओळखणं तर सिलिकॉनने चिकटवलेल्या टँकमध्ये शक्यच नाही. कोपऱ्यात छोटा छापलेला शिक्का असेल, त्यात आयएस २५५३ (सुरक्षा काचेचं भारतीय मानक) किंवा टफन्ड असं लिहिलेलं असेल, तर प्रश्न मिटला: ड्रिल नको. पण शिक्का नसणं हा साधी काच असल्याचा पुरावा नव्हे. तो सिलिकॉनखाली गेलेला असू शकतो किंवा मारलेलाच नसतो.

टँक कुठून आला यावरून अंदाज बांधता येतो. आपल्याकडे स्थानिक कारागीर मापाप्रमाणे जे टँक चिकटवून देतात, ते बहुतेक साध्या फ्लोट काचेचे असतात. अमेरिकेत दुकानात मिळणाऱ्या तयार टँकचा तळ टफन आणि चारही बाजू साध्या, असं पुष्कळदा असतं. तिथल्या वाचकांनी तळाखालचा स्टिकर आधी वाचावा. सगळ्यात धोक्याची असते ती जुनी, परत वापरलेली काच. टीपॉयची वरची काच, शॉवरचं दार, बाल्कनीच्या रेलिंगची काच स्वस्तात मिळाली म्हणून तळाला लावलेली असेल, तर ती टफन असण्याचीच शक्यता जास्त.

खात्री करायची ती पोलराइज्ड गॉगल आणि लॅपटॉप घेऊन. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान पूर्ण स्क्रीनभर उघडा, खोलीत अंधार करा आणि गॉगल हातात धरून डोळ्यासमोर हळूहळू फिरवा. एका कोनात स्क्रीन जवळजवळ काळा पडतो. पडत नसेल तर गॉगल साधा आहे किंवा तो स्क्रीन या कामाचा नाही. काही मोबाइल आणि टॅबलेट कसेही फिरवले तरी काळे पडत नाहीत. गॉगल त्याच काळ्या कोनात धरून ठेवा आणि मध्ये टँकची काच येऊ द्या. तळ तपासायचा असेल तर रिकामा, कोरडा टँक आडवा ठेवून लॅपटॉप तळामागे उभा करा आणि टँकच्या तोंडातून बघा.

साधी काच मध्ये आली तरी स्क्रीन काळाच राहतो. फार तर सिलिकॉनच्या सांध्यालगत किंचित उजेड दिसतो. टफन काचेत मात्र राखाडी ढग उमटतात, पट्टे किंवा ओळीने ठिपके दिसतात, आणि कडांशी व कोपऱ्यांत उजेड जास्त असतो. भट्टीतल्या हवेच्या झोतांनी सोडलेल्या या खुणा आहेत. एवढ्यावर थांबू नका. ताणाची दिशा आणि गॉगलची दिशा नेमकी जुळली तर नक्षी लपते. म्हणून लॅपटॉप आणि गॉगल दोन्ही एकत्र ४५ अंश तिरके करून पुन्हा बघा. आणि प्रत्येक काच वेगळी तपासा; एकाच टँकमध्ये दोन्ही प्रकार असू शकतात. तळाला रंग दिलेला असेल आणि आरपार दिसत नसेल, तर ती काच टफन समजूनच चालावं.

काच साधी निघाली तर आता मापं. टँक निपल, म्हणजे भोकात बसवून नटने आवळायचा पाइपचा जोड, आधी विकत घ्या, होल सॉ नंतर. एक इंची निपलच्या आट्यांचा बाहेरचा व्यास साधारण ३३ मिलीमीटर भरतो, म्हणजे भोक ३५ चं. पाऊण इंचीला साडेसव्वीस, म्हणजे २८. पण कंपनीगणिक फरक पडतो, तेव्हा व्हर्नियरने मोजावं आणि एक ते दोन मिलीमीटर मोकळं ठेवावं. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर हवं, दोन भोकांमध्येही तेवढंच. ६ मिलीमीटरपेक्षा पातळ काचेच्या वाट्याला जाऊ नये.

टँक असा ठेवा की भोकाची काच आडवी आणि सपाट येईल. भोक तळाला असेल तर टँक उपडा घाला, मागच्या काचेला असेल तर पुढच्या काचेवर आडवा करा. दोन्ही वेळा खाली थर्माकोलचा सलग तक्ता हवा. भोकाच्या जागी मागच्या बाजूने रुंद चिकटपट्टीचे दोन थर लावा, म्हणजे कापलेली चकती खाली पडून दुसरी काच फोडणार नाही. वरून मुलांच्या क्लेचं कडं करून त्यात बोटाच्या पेराएवढं पाणी भरा. ड्रिल बॅटरीचं असेल तर उत्तम. वायरचं असेल तर ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेल्या सर्किटवरच लावा. ड्रिलचा हॅमर मोड (ठोके देत फिरणं) बंद आहे ना, हे दोनदा बघा. तो चालू राहिला तर साधी काचही पहिल्या सेकंदात जाते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

३५ मिलीमीटरच्या होल सॉला मिनिटाला ५०० ते ६०० फेरे पुरतात, २० च्या सॉला ९०० च्या आसपास. सॉ सरळ टेकवला तर तो काचेवर सरकतो आणि ओरखडे काढतो. म्हणून तिरका टेकवून आधी चंद्रकोरीसारखी खाच पाडा आणि हळूहळू उभा करत गोल पूर्ण करा. हे हाताला जमत नसेल तर प्लायवूडच्या तुकड्याला त्याच मापाचं भोक पाडून तो काचेवर धरावा. दाब म्हणजे ड्रिलचं स्वतःचं वजन, त्याहून जास्त नाही. दर पंधरा-वीस सेकंदांनी सॉ उचला, खाचेत पाणी जाऊ द्या. पाणी दुधासारखं पांढरं होत जाणं ठीक. ते ताकासारखं दाट झालं की पुसून नवीन भरा. कर्कश शिट्टी ऐकू आली तर सॉ कोरडा पडलाय. १० मिलीमीटरच्या काचेला दहा-एक मिनिटं लागतात. शेवटचा मिलीमीटर उरला की आवाज बदलतो. तिथे ड्रिल किंचित उचलूनच धरा, नाहीतर मागच्या बाजूने शिंपल्यासारखे टवके उडतात.

स्वस्त होल सॉवर हिऱ्याच्या कणांचा एकच थर मुलामा दिलेला असतो. काही भोकांनंतर तो झिजतो, सॉ कापेनासा होतो आणि माणूस नकळत जोर लावतो. साध्या काचेत भोकं बिघडतात त्याचं हे मोठं कारण आहे. कापणं मंदावलं तर सॉ बदला, दाब वाढवू नका.

काच गेलीच, तर ती कशी गेली ते नीट बघा. सगळ्या काचेचे दाणे झाले तर ती टफन होती, ओळखण्यात चूक झाली. भोकापासून कडेपर्यंत एक-दोन लांब तडे गेले असतील तर काच साधीच होती. तिथे जोर जास्त झाला, खाली आधार सपाट नव्हता किंवा काच तापली. साधी काच जागोजागच्या तापमानात ४० अंशांच्या आसपास फरक पडला तरी तडकू शकते, पाण्याचा आग्रह म्हणूनच. आणि टँक भरल्यावर काही दिवसांनी भोकापासून तडा निघाला, तर भोकाच्या कडेवर नखाला लागेल अशी खाच राहिलेली असते आणि पाइपचं वजन तिथे ओढत असतं. भोकाच्या कडेची धार ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओली घासून मोडावी ती याचसाठी. निपलचा रबरी वॉशर आतल्या, पाण्याच्या बाजूला येतो. त्याला सिलिकॉन लावू नये. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा द्यावा. पान्याने आवळलेला नटही काच फोडतो. खालच्या पाइपला स्टँडवर क्लॅम्पचा आधार द्यावा.

काच टफन निघाली तर टँक टाकून द्यायची गरज नाही. फक्त तळ टफन असेल तर भोक मागच्या साध्या काचेत पाडता येतं. तेही शक्य नसेल तर ब्लेडने सिलिकॉन कापून ती एक काच बदलून घेता येते. कडेवर अडकवायचा ओव्हरफ्लो बॉक्स, म्हणजे वरचं पाणी काठावरून खाली संपमध्ये नेणारी पेटी, हा भोकाशिवायचा मार्ग आहे, पण सायफनवर चालणाऱ्या बॉक्समध्ये हवा साठून धार तुटली आणि खालचा पंप चालू राहिला तर पाणी थेट घरात येतं. म्हणून संपमध्ये पंपाच्या जागी एवढंच पाणी ठेवावं, की ते सगळं वर गेलं तरी टँक काठोकाठच भरेल. नवा टँक टफन काचेचाच हवा असेल तर निपल आधी घ्या, आणि भोकाचा व्यास व दोन कडांपासून भोकाच्या मध्यापर्यंतची अंतरं मिलीमीटरमध्ये कागदावर काढून कारागिराला द्या. काच भट्टीतून आल्यावर ते भोक एका मिलीमीटरनेही मोठं करता येत नाही.