भिंतीवरचा हीटर घेताना आधी भिंतीचा विचार

निफाडचा पारा ५-६ अंशांवर उतरला की नाशिककडच्या घरांत हीटर घ्यायचा विषय निघतो. जमिनीवर ठेवायचा हीटर मुलांच्या पायात येतो, म्हणून भिंतीवरचा बरा वाटतो. दुकानात पहिला प्रश्न येतो तो किती वॅटचा हवा याचा. पण हीटर खोलीतलं नेमकं काय तापवणार आहे, हे त्याआधी ठरवलं तर निवड फारशी चुकत नाही.

दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण ४० किलो हवा असते. ही सगळी हवा १० अंशांनी तापवायला जेमतेम ०.११ युनिट वीज लागते. म्हणजे हिशेबाने १००० वॅटचा हीटर सात मिनिटांत खोली उबदार करील. तसं होत नाही, कारण उष्णता भिंती पितात. बाहेरच्या बाजूच्या दोन नऊ इंची विटांच्या भिंतींचं वजन आठ टनांच्या आसपास भरतं. त्या पूर्ण जाडीभर फक्त एका अंशाने तापवायच्या तर पावणेदोन युनिटं खर्ची पडतात! म्हणूनच हवा कोमट झाली तरी गार भिंतीजवळ बसलेल्याला हुडहुडी भरते. त्याच्या अंगातली ऊब त्या भिंतीकडे निघून जात असते.

बाहेर १० आणि आत २० अंश ठेवायचे असतील, तर अशा खोलीतून भिंती, खिडकीची काच आणि फटी मिळून सुमारे ६०० वॅट उष्णता सतत बाहेर जाते. वर गच्ची असेल तर उघड्या स्लॅबमधून आणखी चारएकशे वॅट जातात. त्यामुळे मधल्या मजल्यावर १००० वॅटचा हीटर पुरतो आणि वरच्या मजल्यावर १५०० ते २००० वॅटचा घ्यावा लागतो. दाराखालची फट बुजवून जाड पडदा लावला तर हा आकडा खाली येतो. माझ्या मते पहिला खर्च तिथेच करावा.

आता प्रकारांकडे वळू. लाल तापणाऱ्या क्वार्ट्झ नळ्यांचा हीटर हवेची वाट पाहत नाही. त्याचे अवरक्त किरण कोवळ्या उन्हासारखे थेट अंगावर पडतात. अर्धा तास अभ्यासाला बसायचं असेल तर तोच घ्यावा, मात्र तो समोर असेपर्यंतच ऊब लागते. रात्रभर झोपायच्या खोलीला हवा तापवणारा कन्व्हेक्टर पॅनेल बरा. पंख्यासह येणाऱ्या सिरॅमिक हीटरमध्ये बहुधा पीटीसी घटक असतो. बेरियम टिटॅनेटपासून बनलेल्या या पदार्थाचा विद्युतरोध ठरावीक तापमानापुढे एकदम वाढतो आणि वीजप्रवाह आपोआप घटतो. लहान मुलांच्या घरात हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

‘कमी विजेत जास्त उष्णता’ या जाहिरातीला मात्र भुलू नका. तार असो, नळी असो की सिरॅमिक, एका युनिटातून एक युनिटच उष्णता मिळते. अपवाद आहे तो हॉट अँड कोल्ड एसीचा. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो. आपल्याकडच्या सौम्य थंडीत एका युनिटामागे तिपटीच्या जवळपास उष्णता तो देऊ शकतो. उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल तर वेगळा हीटर कशाला?

गरम हवा वर जाते, त्यामुळे कन्व्हेक्टर जमिनीपासून थोड्या उंचीवर, शक्यतो खिडकीखाली बसवावा. काचेवरून उतरणारी गार हवा तिथेच अडते. पडदा मात्र त्याच्यावर येता कामा नये. एसीसारखा उंचावर बसणारा हीटर घेतलात तर त्याचा पंखा हवा खाली ढकलणारा आहे ना, हे बघा, नाहीतर छत तापतं आणि पाय गार राहतात.

विजेचा हीटर ‘ऑक्सिजन खातो’ हा समज चुकीचा आहे, तिथे काही जळतच नाही. बंद खोलीत पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीची गोष्ट निराळी. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि झोपेतच जीव घेतो. हीटरमुळे घसा कोरडा पडतो हे मात्र खरं. हवेतलं बाष्प तेवढंच राहतं, पण १० अंशांवरची ८० टक्के सापेक्ष आर्द्रता २० अंशांवर ४२ टक्क्यांच्या आसपास येते.

राहिला प्लगचा प्रश्न. २३० व्होल्टला १००० वॅटचा हीटर ४.३ अँपिअर ओढतो, १५०० वॅटचा ६.५ आणि २००० वॅटचा ८.७. म्हणजे मोबाइल चार्जरचा ६ अँपिअरचा पॉइंट १५०० वॅटलाच अपुरा पडतो. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. १६ अँपिअरचा पॉइंट, मागे २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि चांगलं अर्थिंग हे वायरमनकडून तपासून घ्या, मगच भिंतीला भोकं पाडा.