रेषा-रेंडर मिश्रण (वास्तुआरेखन)

इमारतीच्या एकाच संगणकीय मॉडेलमधून, एकाच जागी उभे राहून, दोन चित्रे काढायची. एक निव्वळ रेषांचे, दुसरे ऊन, सावली आणि पोत दाखवणारे, म्हणजे रेंडर. मग ती एकावर एक बसवून तिसरे चित्र तयार करायचे. या पद्धतीला येथे रेषा-रेंडर मिश्रण म्हटले आहे. वास्तुविशारदांच्या कार्यालयात तिला एवढे भारदस्त नाव कोणी देत नाही. ‘रेंडरवर लाइनवर्क टाक’ एवढेच सांगितले जाते. घरमालक तर रेंडरला ‘थ्रीडी’ म्हणतो आणि उरलेल्या सगळ्याला ‘नकाशा’. या दोन शब्दांच्या मधल्या जागेत हे चित्र बसते.

भिंतीची कड म्हणजे दोन पृष्ठे मिळतात ती जागा. डोळ्याला तिथे उजेडाचा फरक जाणवतो, काळी रेघ दिसत नाही. आरेखक ती रेघ ओढतो तेव्हा ‘भिंत इथे संपते’ असे लिहून देत असतो, आणि गवंडी त्या भरवशावर दोरी लावतो. रेंडर असे काही लिहून देत नाही. सकाळी नऊ वाजता ओसरीवर ऊन कुठवर येईल, काळ्या दगडाशेजारी चुन्याची भिंत कशी उठून दिसेल, हे ते सांगते. ओसरीची रुंदी त्यावरून मोजायला जाऊ नये.

वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळात हा फरक लख्ख दिसतो. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची बाजू कृष्णेच्या पुराचे पाणी दुभंगावे म्हणून माशाच्या आकाराची केली आहे. समोरून काढलेले रेंडर कितीही देखणे असो, त्यात हा मासा सापडत नाही. तलविन्यासातली, म्हणजे वरून पाहिलेल्या आराखड्यातली, एक वळणदार रेषा तो चटकन दाखवते. तीच रेषा घाटाच्या पायऱ्यांवर पसरलेल्या उन्हाबद्दल मात्र गप्प बसते.

मिश्रणाची खरी गरज छेदचित्रात, म्हणजे वास्तू उभी कापली असे मानून काढलेल्या चित्रात, भासते. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर घेऊ. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली ही अष्टकोनी विहीर सुमारे ५० फूट व्यासाची आणि ११० फूट खोल असल्याचे सांगितले जाते. पायऱ्यांचा मार्ग, त्यावर बांधलेले महालवजा दालन, कमानी, काठावर मोटा ओढण्याच्या जागा, असे सगळे एकाच बांधणीत आहे. तिचा उभा छेद फक्त रेषांनी काढला तर मजल्यांची उंची आणि कमानीची जाडी अचूक कळते. विहिरीत उतरताना जे अंगावर येते ते मात्र त्यात नसते. वर लखलखीत ऊन, दालनात शिरताच सावली, कमानीतून पलीकडे दिसणारा हिरवट उजेड, आणि तळाकडे हळूहळू दाटत जाणारा अंधार. म्हणून अशा छेदात कापलेला दगड सपाट काळा किंवा गडद करड्या रंगाने भरतात, त्याची कड सर्वांत जाड ठेवतात, आणि छेदापलीकडचा भाग रेंडरवर सोपवतात. त्या भागावर फिकट, बारीक रेषा पुरतात. कापलेल्या दगडाच्या पोटात सावली किंवा पोत घालण्याचा मोह टाळावा. तिथे उजेड पोचतच नाही.

ही जोडी संगणकाने जमवलेली नाही. शाईने रेषा काढून तिच्यावर पातळ केलेल्या शाईचे हात देण्याची रीत युरोपातल्या वास्तुकलेच्या शाळांतून रुजली, आणि छायालेखन हा विषय म्हणून आपल्याकडच्या अभ्यासक्रमातही आला. त्या रीतीत प्रकाश घनाच्या कर्णाच्या दिशेने येतो असे धरत. त्यामुळे तलविन्यासात आणि दर्शनी चित्रात दोन्हीकडे किरण ४५ अंशांत दिसे, आणि छज्जा भिंतीच्या जितका पुढे असेल तितकीच त्याची सावली खाली उतरे. म्हणजे सावलीवर पट्टी ठेवून छज्जाची रुंदी काढता येई! हाताने काढलेल्या सावलीत हा जो हिशोबीपणा होता तो आजच्या बहुतेक रेंडरांत उरलेला नाही, आणि मिश्रणाकडे लोक पुन्हा वळण्याचे एक कारण मला यात दिसते.

संगणकावर रेषा आणि छाया यांचे प्रवास वेगवेगळे झाले. इव्हान सदरलँड यांचा स्केचपॅड हा पडद्यावर रेषा काढण्याचा प्रोग्राम १९६३ चा, म्हणजे संगणकीय आरेखनाची सुरुवात रेषेपासून झाली. त्याच वर्षी लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी घनवस्तूच्या मागे दडलेल्या रेषा ओळखून गाळण्याची रीत मांडली. पृष्ठावर मऊ छटा देण्याच्या गूरो आणि फाँग यांच्या रीती अनुक्रमे १९७१ आणि १९७५ च्या. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आले ते रेषांचे साधन म्हणूनच. १९९० मध्ये साइतो आणि ताकाहाशी या जपानी संशोधकांनी दोन्ही प्रवाह मुद्दाम एकत्र आणले: प्रतिमेतल्या प्रत्येक बिंदूची कॅमेऱ्यापासूनची खोली आणि पृष्ठाची दिशा साठवायची, खोलीच्या मूल्यांत जिथे एकदम उडी दिसेल तिथे रेघ काढायची, आणि ती छायांकित चित्रावर चढवायची. स्केचअपसारख्या त्रिमितीय मॉडेल बनवण्याच्या साधनांच्या पडद्यावरही आज कडा आणि छटा एकत्र दिसतात. फोटोशॉपच्या १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर, म्हणजे चित्राचे सुटे थर, आले आणि दोन चित्रे एकमेकांवर ठेवून हवी तशी विरघळवणे कोणाच्याही आवाक्यात आले.

प्रत्यक्ष कामात पहिली अडचण येते ती कॅमेऱ्याची. दोन्ही चित्रांत डोळ्याची जागा, रोख आणि दृष्टिकोन (म्हणजे चित्रात मावणाऱ्या दृश्याचा कोन) तंतोतंत सारखा लागतो, शिवाय लांबी-रुंदीचे प्रमाणही. काही साधने दृष्टिकोन आडवा मोजतात, काही उभा. चौकटीचे प्रमाण बदलले की एकाच आकड्याचे दोन अर्थ होतात. मग रेषा मधोमध जुळतात आणि कडेला गेल्यावर खांबाशेजारी भुतासारखा दुसरा खांब उभा राहतो. रात्री रेंडर लावून घरी गेलेल्या माणसाला सकाळी हे दृश्य दिसले की त्याचा दिवस गेला. म्हणून दृश्य एकदा सेव्ह करून कुलूपबंद करावे, आणि आधी लहान आकाराच्या दोन चित्रांवर जुळणी तपासून मगच मोठे रेंडर लावावे.

जुळलेली रेषा रेंडरवर बसवण्यासाठी सहसा मल्टिप्लाय ही मिश्रणरीत वापरतात. तिचे गणित सोपे आहे. पांढरा म्हणजे १, काळा म्हणजे ०, आणि वरच्या-खालच्या बिंदूंच्या मूल्यांचा गुणाकार. पांढऱ्या कागदाने गुणले की खालचे चित्र जसेच्या तसे राहते. काळ्या रेषेने गुणले की काळेच उरते. त्यामुळे रेषाचित्रातला कागद आपोआप नाहीसा होतो.

सातारा जिल्ह्यात काम करणाऱ्याला मात्र हा गुणाकार लवकरच दगा देतो. इथला दगड बेसाल्ट. जुन्या वाड्याचे जोते, घाटाच्या पायऱ्या, विहिरीची चिरेबंदी, सगळे काळे. रेंडरमध्ये दगड खरा दिसावा म्हणून त्याचा रंग गडद ठेवला, वर सावली पडली, की तिथला आकडा शून्याजवळ जातो, आणि शून्याजवळच्या आकड्याला शून्याने गुणून मिळणारा फरक डोळ्याला कळत नाही. चिऱ्यांचे सांधे ज्यांच्यासाठी रेषा घातली तेच गडप होतात. यावर एक उपाय रेषा उलटी करून, म्हणजे काळ्यावर पांढरी करून, स्क्रीन या मल्टिप्लायच्या उलट, उजळ करणाऱ्या रीतीने बसवण्याचा. मग सांधे चुन्याने भरलेल्या फटींसारखे उजळ दिसतात. रात्रीच्या दृश्याला हे शोभते, दिवसाच्या दृश्यात जरा नाटकी वाटते. दुसरा उपाय रेंडरच फिका करण्याचा: सावल्या वर उचलायच्या, रंगाची तीव्रता कमी करायची, आणि गडदपणाचा सगळा वाटा रेषेसाठी राखून ठेवायचा. मला हा दुसरा मार्ग बरा वाटतो. कारण मिश्रण फसते ते बहुधा दोन्ही चित्रे पूर्ण ताकदीने एकाच कागदावर उतरवल्यामुळे. ज्याला रेंडर फार प्रिय असेल त्याने रेषा घालूच नये.

रेषेच्या जाडीचा प्रश्न कागदावर येईपर्यंत लक्षात येत नाही. आंतरराष्ट्रीय मानकातली जाडीची मालिका ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर अशी, साधारण १.४ पटीने वाढत जाते. जुन्या रॉट्रिंग पेनांच्या निबाही याच मापांत मिळत. ए-३ कागदासाठी इंचाला ३०० बिंदू धरले तर चित्र ४९६१ × ३५०८ पिक्सेलचे होते. त्यात ०.२५ मिलिमीटरची रेषा तीन पिक्सेलची, ०.१३ ची जेमतेम दीड पिक्सेलची. तेच चित्र ए-१ वर ताणले की इंचाला १५० च बिंदू उरतात. रेंडरला ते चालते, कारण भिंतीवर लावलेल्या मोठ्या कागदाकडे माणूस लांबून पाहतो. पण पिक्सेलमध्ये गोठलेली रेषा दुप्पट जाड आणि कडेला भुरकट होते. म्हणून रेषा शेवटपर्यंत सदिश (पिक्सेलऐवजी गणिताने साठवलेली, ताणली तरी न भुरकटणारी) पीडीएफ म्हणून वेगळी ठेवणे आणि पानाची मांडणी करतानाच रेंडरवर बसवणे शहाणपणाचे. जाडीचे तीन टप्पे पुरतात: कापलेले, बाह्याकृती, बाकीचे.

सगळ्या कडा काढणे हा नवशिक्याचा हमखास दोष. मंगलोरी कौलांच्या छपरात प्रत्येक कौलाची प्रत्येक घडी रेषेत आली की मागचा उतार काजळीचा डाग होतो. झाडाची पाने, गोल खांबाचे छुपे पैलू, कठड्याच्या जाळ्या यांचेही तसेच. हे पोत रेंडरकडे द्यावेत; छपराची पन्हाळ आणि आढे एवढीच रेषेत ठेवावी.

सूर्याबद्दल थोडे जास्त सांगायला हवे. स्केचअपमध्ये जागा नेमून दिली नाही तर मॉडेल अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावी, म्हणजे ४० अंश उत्तर अक्षांशावर, उभे आहे असे धरले जाते. सातारा सुमारे १७.७ अंशांवर, सांगली त्याहून किंचित दक्षिणेला. बोल्डरमध्ये दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच राहतो. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो डोक्यावर येतो आणि जुलैअखेरपर्यंत दुपारी उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत उत्तरेच्या भिंतीवर उभे, तिरपे ऊन घसरते आणि हातभर छज्जाची सावली पार जमिनीपर्यंत जाते. बोल्डरच्या उन्हात नटलेला कराडचा बंगला मी एकदा नव्हे, बऱ्याचदा पाहिला आहे. रेषा त्यात बरोबर असतात. खोटे बोलते ती सावली, आणि घर कुठल्या बाजूला तापेल हे मालक त्या सावलीवरूनच ठरवतो.

मंजुरीच्या नकाशात या मिश्रणाला जागा नाही. तिथे प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचे ते पिवळे, अशी रंगांची भाषाच ठरलेली आहे.

पूररेषेचे चित्रण हा सांगली-मिरजेकडे नेहमी येणारा विषय. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. नदीकाठच्या घराच्या छेदात ही पातळी दाखवताना पारदर्शक निळे पाणी रेंडर करून घरात भरण्याची फॅशन आहे. ते पाणी पोहण्याच्या तलावासारखे स्वच्छ दिसते. ज्याच्या माजघरात गाळ बसला त्याला असे चित्र दाखवायची लाज वाटावी. इथे पाणी रेंडर न करता पातळीची एक तुटक रेषा आणि तिच्याशेजारी आकडा लिहिणे पुरेसे, आणि जोत्याची उंची त्या रेषेशी मिळवून दाखवणे महत्त्वाचे. रेंडर त्या रेषेच्या वरच्या भागात, माणसे राहणार आहेत त्या मजल्यावर खर्ची घालावे.

जुन्या वास्तूंच्या नोंदणीत रेंडरऐवजी छायाचित्रांवरून जुळवलेली, यथादर्शनाचा (जवळचे मोठे, लांबचे लहान दिसण्याचा) दोष काढलेली प्रतिमा वापरतात. मेणवलीच्या नाना फडणीस वाड्यासारख्या वास्तूत भिंतीचा गिलावा, डाग, झिजलेला चिरा हे सगळे तिच्यातून येते. वर घातलेली रेषा मात्र टेपने किंवा यंत्राने मोजलेल्या कडेलाच ओढतात. पडलेला भाग कसा असेल याचा तर्क करायचा तर तो फक्त फिकट छटेत, रेषेविना दाखवायचा. म्हणजे पाहणाऱ्याला मोजलेले कोणते आणि मानलेले कोणते हे खुणेची सूची न वाचता कळते. लिंबच्या विहिरीचा छेद याच नियमाने काढला तर पाण्याच्या पातळीपाशी चिऱ्यांच्या रेषा थांबतात आणि खाली नुसता गडद होत जाणारा रंग राहतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की आणखी काही थर मोजता येतात, आणि तेवढ्या रेषा चित्रात खाली वाढवल्या जातात.