सागरी मत्स्यालयातील शैवल नियंत्रण

खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात काच, खडक, वाळू व प्रवाळ यांवर वाढणाऱ्या नकोशा शैवलांना मर्यादेत ठेवण्याची पद्धती. निर्मूलन हा शब्द येथे योग्य ठरत नाही. प्रवाळांच्या ऊतींत राहून त्यांना अन्न पुरविणारी झूझँथेली हीदेखील सूक्ष्म शैवलेच होत, आणि खडकांवर गुलाबी-जांभळा कठीण थर चढविणारी कोरॅलाइन शैवले तर टाकी स्थिरावल्याची खूण मानली जातात.

उपद्रवी प्रकारांत नव्या टाकीतील डायाटमांचा, म्हणजे सिलिकेचे कवच असलेल्या सूक्ष्म शैवलांचा, तपकिरी थर सर्वांत सौम्य. पाण्यातील सिलिका संपत आली की तो बहुधा आपोआप ओसरतो. डर्बेसिया व ब्रायॉप्सिस ही हिरवी केसाळ शैवले आणि व्हॅलोनियाचे काचमण्यांसारखे फुगे अधिक चिवट असतात. लाल-जांभळा बुळबुळीत पडदा मात्र खऱ्या शैवलाचा नसून सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषी जीवाणूंचा असतो. जुन्या ग्रंथांत त्यांनाच नील-हरित शैवले म्हटले आहे.

कारणमीमांसा : शैवले कशामुळे माजतात याविषयी मतभेद आहेत, आणि त्यांचे मूळ प्रवाळभित्तींच्या परिस्थितिविज्ञानात सापडते. मार्क व डायान लिटलर या संशोधकांनी १९८४ च्या सुमारास मांडलेल्या प्रतिमानात दोन घटक निर्णायक आहेत : पाण्यातील पोषकद्रव्ये आणि शाकाहारी प्राण्यांची चराई. पोषकद्रव्ये कमी व चराई भरपूर असेल तेथे प्रवाळ, दोन्ही भरपूर असतील तेथे कोरॅलाइन शैवले, दोन्ही कमी असतील तेथे आखूड तंतुमय शैवले आणि पोषकद्रव्ये भरपूर पण चराई तोकडी असेल तेथे मोठी मांसल शैवले वरचढ होतात. जमेकातील भित्तींवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे ५२ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले, तर शैवलांचे ४ वरून ९२ टक्क्यांवर गेले. याची कारणे सांगताना संशोधक टेरेन्स ह्यूज यांनी अतिमासेमारी व १९८३-८४ मधील डायाडेमा या शैवल खाणाऱ्या काटेरी समुद्री अर्चिनांचा सामूहिक मृत्यू, म्हणजे चराई खुंटणे, यावर भर दिला. दुसरे संशोधक ब्रायन लॅपॉइंट यांनी १९९७ मध्ये जमिनीवरून वाहत आलेल्या पोषकद्रव्यांना प्राधान्य दिले. अर्चिन मेल्यावर शैवले ज्या वेगाने फोफावली ते पाहता खुल्या समुद्रापुरती पहिली बाजू अधिक सबळ वाटते.

बंद टाकीत मात्र पारडे फिरते. गोगलगाय शैवल खाते, पण त्यातील नायट्रोजन व फॉस्फरस बव्हंशी तिच्या विष्ठेवाटे त्याच पाण्यात परततात, आणि माशांच्या खाद्याबरोबर नवी भर रोज पडत असते. चराईने शैवलाचे रूप पालटते. पोषकद्रव्यांचा साठा टाकीबाहेर जात नाही. एवढा एक भेद नीट समजला तर नवख्या मत्स्यपालकाचे कित्येक महिन्यांचे कष्ट वाचतात.

छंदी मंडळींत पोषकद्रव्यांच्या रेडफील्ड गुणोत्तराचा मोठा बोलबाला आहे. ॲल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ साली प्लवकांतील (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांतील) व समुद्रजलातील मूलद्रव्यांचा संबंध दाखविला. कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस यांचे १०६:१६:१ हे आजचे अणुप्रमाण नंतरच्या दुरुस्त्यांतून रूढ झाले. नायट्रेट व फॉस्फेट यांच्या वजनांत ते साधारण १०:१ भरते. परंतु हे प्रमाण तरंगत्या प्लवकांचे आहे. ॲटकिन्सन व स्मिथ यांनी १९८३ मध्ये तळाशी चिकटून वाढणाऱ्या सागरी वनस्पतींसाठी ५५०:३०:१ हे मध्यक काढले, आणि खडकावरील केसाळ शैवलास तेच अधिक जवळचे आहे. केवळ १०:१ साधावे म्हणून टाकीत नायट्रेट ओतण्यास त्यामुळे भक्कम आधार उरत नाही. मोजणीतही फसगत होते. काही उपकरणे फॉस्फेटऐवजी फॉस्फरस दाखवितात. त्या आकड्यास सुमारे ३.०७ ने गुणावे लागते. शैवलाने भरलेल्या टाकीत चाचणी शून्यही दाखवू शकते, कारण फॉस्फेट तेव्हा पाण्यात नसून शैवलाच्या पेशींत असते.

उपाय : इंडोनेशियातील ली चिन एंग यांच्या १९६१ च्या लेखनातून जिवंत खडकांची, म्हणजे जीवाणू व इतर सजीव वसलेले समुद्रातील खडक टाकीत ठेवण्याची, पद्धत छंदी वर्तुळात पोहोचली. पुढे बर्लिन पद्धतीने तिला प्रोटीन स्किमरची जोड दिली. स्किमर सेंद्रिय द्रव्य कुजण्याआधीच फेसाबरोबर बाहेर काढतो. स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी उलट वाट धरली : शैवलाला हुसकण्याऐवजी जाळीवर, तीव्र प्रकाशात व उसळत्या पाण्यात ते मुद्दाम वाढवायचे आणि ठरावीक दिवसांनी खरवडून फेकायचे. या यंत्रणेस १९८२ मध्ये अमेरिकी एकस्व (पेटंट) मिळाले. रेफ्यूजियम नावाच्या जोडटाकीत कीटोमॉर्फा हे तंतुमय हिरवे शैवल वाढवून ते छाटत राहणे हे याच विचाराचे सोपे रूप आहे. शैवल कोठे वाढावे हे पाळणाऱ्याने ठरवायचे, ही कल्पना आजही सर्वांत टिकाऊ ठरली आहे.

आरओ-डीआय (व्यस्त परासरण व विआयनीकरणाने शुद्ध केलेले) पाणी, फॉस्फेट बांधून घेणारे लोह-ऑक्साइडाचे दाणे व लँथॅनम क्लोराइड, आणि जीवाणूंच्या वाढीसाठी व्हिनेगरसारखा कार्बनस्रोत हे इतर मार्ग होत. पोषकद्रव्ये पार शून्यावर नेल्यास मात्र ऑस्ट्रिऑप्सिससारख्या डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सजीवांचा तपकिरी, बुडबुडेयुक्त चिकटा उद्‌भवल्याचे पुष्कळ मत्स्यपालक नोंदवितात. त्याच्या विषाने गोगलगायीही मरतात. चरणाऱ्या प्राण्यांत टर्बो व ट्रोकस गोगलगायी, सॅलेरियस मासा, व्हॅलोनिया फोडणारा हिरवा मिथ्रॅक्युलस खेकडा यांचा उपयोग होतो. पिवळा टँग हा शैवल खाणारा मासा सुमारे २० सेंमी. पर्यंत वाढतो, लहान टाकीत तो ठेवणे त्याच्यावर अन्याय आहे.

छाटलेल्या शैवलाची विल्हेवाट : कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शैवल १९८४ मध्ये मोनाको येथील सागरविज्ञान संग्रहालयाखालील समुद्रात आढळले व भूमध्य समुद्रात दूरवर पसरले. ते नैसर्गिक स्थलांतराने आले असावे असेही प्रतिपादन झाले. तथापि जनुकीय तुलनेने मत्स्यालयातील वाणाकडेच बोट दाखविले आहे. कॅलिफोर्नियात ते २००० मध्ये सापडले, ताडपत्र्यांखाली क्लोरीन सोडून मारले गेले आणि २००६ मध्ये त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. म्हणून छाट सांडपाण्यात किंवा समुद्रात न सोडता गोठवून मग कचऱ्यात टाकतात.