द्विपक्ष पद्धती आणि मतदारांचा भ्रमनिरास

ज्या लोकशाहीत सत्ता आलटून पालटून दोनच मोठ्या पक्षांकडे जाते, तेथे या दोहोंपैकी एकही आपला नाही आणि तिसऱ्याला दिलेले मत वाया जाणार, अशी मतदाराची जी धारणा होते, तिला द्विपक्ष पद्धतीविषयीचा भ्रमनिरास म्हणतात. उदासीनतेहून ही अवस्था निराळी आहे. उदासीन मतदाराला निकालाशी कर्तव्य नसते. भ्रमनिरास झालेला मतदार बहुधा उमेदवारांना नीट ओळखून असतो, पण मतपत्रिका हाती आल्यावर हवा त्याला निवडण्याऐवजी नको त्याला पाडण्यासाठी मत देतो. अमेरिकेत २०२० साली एका शतकाहून अधिक काळातील सर्वाधिक, म्हणजे सुमारे ६६ टक्के मतदान झाले. पण मतदान असे नको त्याला पाडण्यासाठीही होत असल्याने, रांगा लांबल्या म्हणून समाधान वाढले, असे मानता येत नाही.

याचे मूळ नेत्यांच्या स्वभावापेक्षा मतमोजणीच्या रीतीत अधिक आहे. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी आणि सर्वाधिक मते मिळवील तो विजयी, हा नियम दोन पक्षांना पोसतो, असे फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मोरीस द्यूव्हेर्झे यांनी १९५१ मध्ये मांडले. सर्वत्र थोडीथोडी मते मिळवणारा पक्ष या नियमात हात हलवत परततो. ब्रिटनमध्ये १९८३ साली सोशल डेमोक्रॅट-लिबरल आघाडीला सुमारे २५ टक्के मते पडली, पण ६५० पैकी २३ जागाच मिळाल्या. मजूर पक्षाची मते जेमतेम दोन टक्क्यांनी जास्त होती आणि जागा २०९.

अमेरिकेत १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अपक्ष रॉस पेरो यांना जवळजवळ १९ टक्के मते मिळाली, मात्र राज्याराज्यांतून निवडून येऊन अध्यक्ष ठरवणाऱ्या ५३८ निर्वाचकांपैकी एकही त्यांच्या वाट्याला आला नाही. २००० साली अध्यक्षपदाचा निकाल ज्या राज्यावर ठरला त्या फ्लोरिडात रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि त्याच राज्यात ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मते होती. हे सर्व मतदार एरवी बुश यांचे प्रतिस्पर्धी, डेमोक्रॅटिक पक्षाचे अल् गोर यांच्याकडेच गेले असते असे नाही, काही घरीच बसले असते. तरी गोर यांच्या पराभवाचे खापर नेडर यांच्या मतदारांवर फुटले. हा आरोप अन्यायाचा होता, कारण मनातले मत देणाऱ्याला नावडत्या उमेदवाराचा साहाय्यक ठरवणाऱ्या नियमाला जाब विचारायचा, तो मतदारालाच विचारला गेला. नेडर यांचा देशभरातील वाटा २००० मध्ये २.७ टक्के होता, तो २००४ मध्ये अर्ध्या टक्क्याच्याही खाली आला.

नाराजी नोंदवण्याची सोय आणि ती परिणामकारक होण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेव्हाडा राज्यात राज्यव्यापी पदांच्या मतपत्रिकेवर ‘यांपैकी एकही नाही’ हा पर्याय १९७० च्या दशकापासून आहे. २०१४ मध्ये गव्हर्नरपदासाठीच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, हाच पर्याय सुमारे ३० टक्के मते घेऊन पहिला आला. कायद्याप्रमाणे उमेदवारी मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला गेली. मेन राज्याने २०१६ च्या सार्वमताने प्राधान्यक्रमाचे मतदान स्वीकारले. त्यात पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला तर मत पुढच्या पसंतीकडे जाते.

भ्रमनिरासातून पद्धतच बदलल्याचे ठळक उदाहरण न्यूझीलंडचे आहे. तेथे १९७८ आणि १९८१ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत मजूर पक्षाला अधिक मते मिळूनही सरकार नॅशनल पक्षाचे आले. १९८१ मध्ये सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला जवळजवळ २१ टक्के मतांवर अवघ्या दोन जागा मिळाल्या. शाही आयोगाने १९८६ मध्ये मिश्र प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची शिफारस केली. त्या पद्धतीत मतदार एक मत मतदारसंघातील उमेदवाराला आणि दुसरे पक्षाला देतो, आणि पक्षाच्या एकूण जागा साधारणपणे या दुसऱ्या मतांच्या प्रमाणात ठरतात. १९९२ च्या सार्वमतात सुमारे ८५ टक्के मतदारांनी बदल मागितला आणि १९९३ मध्ये सुमारे ५४ टक्के मतांनी तो मंजूर झाला. नव्या पद्धतीच्या १९९६ मधील पहिल्याच निवडणुकीनंतर सरकार बनवण्याच्या वाटाघाटी सुमारे दोन महिने चालल्या. शेवटी न्यूझीलंड फर्स्ट पक्षाने सत्तेतल्या नॅशनल पक्षाशीच हातमिळवणी केली, तेव्हा बदलासाठी त्याला मत देणाऱ्या अनेकांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. तरीही २०११ मध्ये पुन्हा कौल घेतला गेला, तेव्हा सुमारे ५८ टक्के मतदारांनी नवी पद्धत कायम ठेवली.